रास्कचं घर

एल्मेरुड, ११ फेब्रुवारी १७६१

ती. तोर्केलदादास,
बोटिलचा सा. न. वि. वि.

तुझी लाल गाय व्याली, कालवड झाली. वहिनी म्हणते, हे संसदेत गेल्यापासून घरात शांतता आहे, पण इतकीही नको.

माझा नवरा, मोन्स, पोमेरानियाच्या लढाईवर गेला त्याला साडेतीन वर्षं झाली. गेल्या दीड वर्षात एक अक्षर नाही. आपल्या चार शेतकऱ्यांनी मिळून पोसलेला शिपाई तो. म्हणून हे घर मिळालं आणि घराबरोबर आधीच्या शिपायाचं रास्क हे नावही. आता चौघंही विचारतात, माणूस आहे की गेला? गेला असेल तर घर नव्या शिपायाला द्यायला हवं.

घराचं मी बघेन. मला फक्त तो हवाय. त्याचे लाकडी जोडे अजून दाराशीच आहेत. दर शनिवारी पुसते.

माया कमी करू नकोस.
तुझी बोटिल

स्टॉकहोम, ९ मार्च १७६१

चि. सौ. बोटिल हिस अनेक आशीर्वाद.

वहिनीला म्हणावं, पोट सुटलंय. एक दिवस हॅटवाल्यांचा पक्ष जेवू घालतो, दुसऱ्या दिवशी टोपीवाल्यांचा. दोघांचं ऐकून तिसऱ्या दिवशी मी माझ्या मनाचं करतो. हे युद्ध हॅटवाल्यांनी आम्हाला न विचारता सुरू केलं. लढाईचं ठरतं त्या गुप्त समितीत शेतकऱ्याला मज्जाव. मरायला मात्र आमचीच माणसं. मग मी दाराबाहेर उभा राहतो. कान तर कुणी बंद केले नाहीत.

तिथल्या एका कारकुनाला कॉफीचं भारी वेड. कॉफीवर बंदी आहे, म्हणूनच ती कामी आली. त्याने यादी दाखवली. आपल्या गावच्या जागेपुढे लिहिलंय: रास्क, वय एकोणीस, प्रकृती उत्तम, मुक्काम स्ट्रालसुंड. एकोणीस वाचून मी हसलो. एक तर कारकून झोपेत होता, नाहीतर नवऱ्याला तिकडची हवा फारच मानवली. जोडे पुसत राहा, बाई.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा तोर्केल

एल्मेरुड, २ एप्रिल १७६१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कारकून झोपेत नव्हता. मोन्सला अडतिसावं लागलं असतं. नाव घराचं असतं दादा, माणसाचं नाही. मोन्सची जागा त्यांनी तिकडेच भरली. आनंदाच्या भरात तू हे विसरलास. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं पत्र आल्यावर मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'एकोणीस' डोळ्यांआड केलं होतं. तीन दिवस सुखात गेले. ते तुझ्यामुळे.

चौघांना मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, नवा रास्क परत येईपर्यंत तू राहा.

एवढं कर. संसदेत हात वर करशील तो हे युद्ध थांबवायला कर, त्या पोराचीही जागा भरायची वेळ येण्याआधी. तो इकडे आला की घर घासूनपुसून त्याच्या हवाली करीन. आधी लापशी वाढीन. जोडे पायात बसतात का बघीन. मग विचारीन, मोन्सला कुठे पुरलं, आणि तेव्हा त्याच्या पायात काही होतं का.

आज शनिवार नाही, तरी पुसले.

तुझ्या मायेची आता जास्तच गरज आहे.
बोटिल