भिंत पेशंटचं ऐकते

बाबा, ती भिंत तुम्ही उघडली होती, मी नाही. हे आधीच लिहून टाकतो. शेवटी लिहीन म्हटलं तर तिथवर माझा दम टिकायचा नाही.

टीव्हीला जोडायचा तो गेम मी नांदेडहून आणला, तेव्हा बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. सगळं पार करत गेलो आणि अडलो एका भिंतीशी. किल्ल्याचं तळघर, समोर राखाडी भिंत, पुढं वाट नाही. आधीच्या खोलीतला म्हातारा इंग्रजीत एकच वाक्य बोलायचा : भिंत पेशंट माणसाचं ऐकते. आमच्या कळमनुरीत हे विचारणार कुणाला? आणि विचारलं असतं तर मी कसला! पेशंट म्हणजे आजारी, हे शेंबडं पोरगंही सांगेल. डिक्शनरी उघडायची मला गरजच वाटली नाही. मग मी गेममधल्या माझ्या गड्याला मुद्दाम वटवाघळांकडून चावून घ्यायचो, पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा त्याचा जीव शेवटच्या चौकोनावर आणायचो आणि तसाच लंगडत भिंतीपुढं न्यायचो. भिंत ढिम्म. एकेका विटेवर तलवार मारून पाहिली. नऊ रांगा, रांगेत चौदा विटा, वहीत फुल्या मारून. मधेच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. आणि लाइट बंद करणारे लाइनमन तर तुम्हीच.

बाराव्या दिवशी तुम्ही कामावरून येता, बशीत चहा ओतता आणि माझ्या मागं उभे राहता.

"काहून पळवून राहिला रे त्याला? रोज बघून राहिलो. बसू दे की जरा गड्याला."

"बसून काही होत न्हाई, बाबा."

"तुला काय माहीत? बसायचं बटन कोणतं?"

मी वैतागून रिमोट तुमच्या हातात दिला. खालचा बाण. तुम्ही तो अंगठ्यानं दाबून धरला, दुसऱ्या हातानं बशी तोंडाला लावली. "आमी लाइन बंद केली तरी लगेच खांबावर चढत न्हाई. थांबतो," म्हणालात. बशी संपली आणि भिंत सरकली. आतून आई ओरडली, "उघडली व्हय एकदाची? मग दळण आणून दे आता!"

नंतर मी घड्याळ लावून मोजलं : बराबर अकरा सेकंद. मधे अंगठा सुटला तर पुन्हा एकपासून. दुसऱ्या दिवशी नाक्यावर दोस्तांना हे सांगताना मी म्हणालो, "मी शोधून काढलं." तुम्ही सायकल धरून तिथंच उभे होतात. "डोकं हाय पोराला," एवढंच बोललात आणि निघून गेलात. आज माझं दुरुस्तीचं दुकान आहे. कुठल्या कोर्सला गेलो नाही, कुणाकडं शिकलो नाही, हे मी गिऱ्हाइकाला आजही ऐकवतो, आणि सुरुवात त्या भिंतीपासूनच करतो.

त्या भिंतीनंतर दहा-बारा वर्षांनी तुम्ही दवाखान्यात होतात. नर्स विचारायची, "पेशंटजवळ कोण आहे?" मी हात वर करायचो आणि निघायचो. गोळ्या, फाइल, रिपोर्ट. काहीच नसलं तर सलाइनच्या स्टँडचं ढिलं चाक आवळत बसायचो. बसायचो कसला, वाकायचो. कॉटशेजारचं स्टूल हातानं थोपटून तुम्ही म्हणालात, "बस की जरा. काहून पळून राहिला?" मी म्हणालो, "आलोच." चार दिवस हेच. पाचव्या दिवशी एक्स-रे घेऊन वर आलो, तर नर्सनं तुमच्या तोंडावर चादर ओढली होती. स्टूल जिथल्या तिथं.

तो शब्द डिक्शनरीत मी त्यानंतर पाहिला. पहिला अर्थ, धीर धरणारा. आजारी हा दुसरा.

हे पत्र तुमच्या टेस्टरच्या डब्यात ठेवणार आहे, त्याला दुसरा पत्ता नाही. पण एक राहिलं. गेल्या आठवड्यात तोच गेम मोबाइलवर मिळाला. भिंतीपर्यंत गेलो, गड्याला बसवलं, मोजायला लागलो. उत्तर मला माहीत होतं, बाबा. सातव्या सेकंदाला माझा अंगठा उचलला गेला. कुणी हाकसुद्धा मारली नव्हती.