गालावरचा डाग

शेखरदादा,

केस चालू आहे. साक्षीदाराले पत्र पाठवता येत नाही, म्हणून हे माह्याजवळच राहीन. पण लिहिल्याशिवाय माहं डोकं थंड होणार नाही.

आज बुलडाण्याच्या कोर्टात तुह्यानंतर आमच्या फॉरेन्सिक लॅबच्या मॅडमची साक्ष झाली. त्यांनी चोरीची ओरिजिनल सीसीटीव्ही क्लिप फ्रेम-फ्रेमनं दाखवली. चोर मान वळवते, तसा गालावरचा काळा डाग बी संग वळते. व्हिडिओतला कचरा असा चेहऱ्यासंग फिरत नसते. तो डाग चोराचाच आहे. आणि पोलिसांले तू जो 'साफ' फोटो करून देला, त्यात गाल नवरदेवावानी गुळगुळीत.

तुह्या साक्षीत वकिलानं तुले इचारलं होतं, "डाग काऊन काढला?"

तू म्हणे, "साहेब, डाग तं आम्ही सगळ्याइचेच काढतो."

सगळे हसले. आरोपीच्या पिंजऱ्यातला प्रसेनजित नाही हसला. त्या गुळगुळीत गालापायीच तो पावसाळ्यापासून जेलात आहे.

पिक्सल काय असते, हे मी तुह्याच स्टुडिओत शिकली. स्थळासाठी काढलेल्या माह्या फोटोतला हनुवटीवरचा चट्टा बी तूच पुसला होता. पाहुणे दारातच म्हणे, "ही ती पोरगी नाही." तव्हा मले वाटलं, दादानं मायेनं केलं.

कोर्टाबाहेर प्रसेनजितची आई, बनाबाई, भेटली. माहा हात धरून म्हणे, "माह्या लेकाच्या गालावर डाग असता तं बरं झालं असतं वो माय."

हे साफ करून दाखव आता.

उंद्रीची, चट्ट्यासकट,
समीक्षा