झांजेच्या मापाचा कोट

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही ठणठणीत आहोत, तुम्हीही ठणठणीत असाल असं तुमची ताई म्हणते आणि मी तिच्या शब्दाबाहेर नाही. गुडघा कसा आहे? (डावा की उजवा हे आठवत नाही, तेव्हा दोन्हींची चौकशी केली असं समजा.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि माझा मुद्दा राहून जातो. मुद्दा असा की दुकानातला कॉम्प्युटर आता पूर्णपणे माझ्या मुठीत आहे.

पुरावा देतो. अग्निशमन दलाच्या बँडचे नवे कोट शिवायचं काम आपल्याला मिळालं. रविवारी त्यांचा कार्यक्रम आहे. कोट पसंत पडले तर सबंध दलाचे गणवेश आपल्याकडे, नाहीतर समोरच्या तयार कपडेवाल्याकडे, असं बँडमास्तरांनी तोंडावर सांगितलंय. त्यांच्या चिटणीसांनी (हे एरवी आगीचा बंब चालवतात आणि टायपिंगही त्याच वेगाने करतात) सगळ्यांची मापं ईमेलने पाठवली. वाद्य, छाती, कंबर, बाही, कोटाची उंची, मध्ये नुसते स्वल्पविराम, आणि अशा ओळींमागून ओळी. दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. मी तो सगळा मजकूर शीटच्या पहिल्या रकान्यात ओतला, वर 'डेटा'मध्ये गेलो, स्वल्पविरामाच्या चौकोनात खूण केली, आणि मेहुणे, मापं भराभर आपापल्या रकान्यात जाऊन बसली! मी तुमच्या ताईला मुद्दाम हाक मारून बोलावलं. तिने हात पुसत पाहिलं आणि "बरं दिसतंय" म्हणाली. तिच्या तोंडून एवढं आलं म्हणजे फार झालं.

आता तुम्ही मागच्या खेपेला जेवताना काहीतरी सांगत होता, की एकाच रकान्याच्या मजकुरात आत स्वल्पविराम असेल तर तो मजकूर अवतरणचिन्हांत बांधून ठेवावा, नाहीतर पुढचं सगळं एकेक घर सरकतं. मी तुम्हाला आग्रहाने वाढून वाढून गप्प केलं होतं. तुमचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही.

झालं असं की बँडमधली काही हौशी मंडळी दोन-दोन वाद्यं वाजवतात, आणि चिटणीसांनी कौतुकाने तसं लिहिलं होतं: सनई, झांज. कॉम्प्युटरला कौतुक कळत नाही. त्याने सनई ठेवली वाद्याच्या रकान्यात आणि झांज नेली छातीच्या. मग छातीचं माप कमरेला गेलं, कमरेचं बाहीला, बाहीचं उंचीला, आणि खरी उंची कडेला जाऊन छापताना कागदाबाहेर राहिली. मी कागद कटरमास्तरांच्या हाती दिला आणि शेजारच्या चष्मेवाल्याला रकान्यांची गंमत समजावून सांगायला गेलो.

आपल्या कटरमास्तरांचं तुम्हाला ठाऊक नसेल. पूर्वी ते गिऱ्हाइकाचं पोट बघून स्वतःच्या मनाने कमरेला दोन इंच वाढवायचे आणि तसं गिऱ्हाइकाला सांगायचेसुद्धा. माणसं दुखावली जायची. म्हणून मीच त्यांच्या टेबलावर पाटी लावली, 'कागदावर आहे तेच कापा, प्रश्न विचारू नका'. त्यांनी विचारला नाही! छातीच्या रकान्यात झांज दिसताच ते टेप घेऊन तडक बंबखान्यात गेले आणि झांजेचा घेर मोजून आले. बासरीवाल्या बाईंच्या छातीच्या रकान्यात मोठा ढोल होता. तोही त्यांनी दोन माणसांना धरायला लावून व्यवस्थित मोजला.

काल ट्रायल झाली. बाहेर आरशासमोर बासरीवाल्या बाई उभ्या राहिल्या, बाह्या गुडघ्यापर्यंत, कोट बेंबीपर्यंत, आणि कोटाच्या आतून त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "मास्तर, यात माझ्याबरोबर अजून कोण येणार आहे?" सनईवाले तर हसलेही नाहीत, हे जास्त लागलं. कटरमास्तरांना मी काय बोलणार? ते नुसते पाटीकडे बोट दाखवून उभे होते.

तरीही खचून जाणाऱ्यातला मी नाही. कापड कमी पडण्यापेक्षा जास्त असलेलं बरं, हा धंद्याचा पहिला धडा आहे, आणि छातीत म्हणाल तर कापड भरपूर आहे. फक्त एक सांगतो. ते दलाचं काम मला हवंय, मेहुणे. बंब रस्त्याने जावा आणि वरच्या प्रत्येक माणसाच्या अंगावर आपली शिलाई असावी, असं फार वर्षं मनात आहे. कळावे, लोभ जसा आहे तसाच राहू द्या, वाढवलात तर आत्ता नाही म्हणणार नाही.

आपला,
(संगणकात तरबेज) भाऊजी

ता. क. रकाने मागे सरकवायला मी स्वतःच बसलो होतो. त्यात एकच वाद्य वाजवणाऱ्यांचीही मापं सरकली आणि मी ते सेव्ह केलं. आता ढोलवाल्याची बाही कुणाच्या कमरेला आहे ते मला सांगता येत नाही. पत्र मिळताच निघा. हात जोडतो.

ता. क. दुसरा. ताईला यातलं काही बोलू नका. गुडघ्यासाठी हवापालट म्हणून आलो असं सांगा.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा. छोट्या, यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा वाचणं आलंच. बँडमास्तर सकाळीच, हे दुकानात नसताना, येऊन गेले. बासरीवाल्या बाईंचा कोट त्यांनी मोठ्या ढोलाला घालून पाहिला, तो खोळ म्हणून इतका चपखल बसला की सगळ्या वाद्यांच्या खोळी शिवायचं काम त्यांनी आपल्याला दिलंय. रविवारी ते जुनेच कोट घालणार. दलाचं कामही आपलंच, पण एकेकाने दुकानात येऊन टेपने माप द्यायचं आणि मध्ये कॉम्प्युटर आणायचा नाही, या अटीवर. यांना मी अजून सांगितलेलं नाही. लग्न झाल्यापासून माझ्या माहेरच्या माणसाकडे यांनी पहिल्यांदाच मदत मागायला घेतली होती, ती मागून होईपर्यंत थांबले. तू ये. दुरुस्त करण्यासारखं काही नसलं तरी यांच्याशेजारी घटकाभर ते मशीन उघडून बस.