कुणाच्या नावावर

५ ऑगस्ट, सोमवार

शाळेनं आता हे काढलंय! सहावीच्या मुलांनी दोन महिने पैसे साठवायचे. कुठे ठेवले आणि तिथेच का ठेवले, ते वहीत लिहायचं. पालकांनी मदत करायची.

पालक म्हणजे मी. नवरा म्हणाला, "तू हिशेबाची पक्की, तूच बघ." आणि हत्यारांची पिशवी उचलून दुकानात गेला. त्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. घरातलं काही दुरुस्त करायचं म्हटलं की त्याला दुकान आठवतं.

मुलगी अकरा वर्षांची. तिच्या आईला जाऊन तीन वर्षं झाली, मला या घरात येऊन दीड. ती मला काहीच म्हणत नाही. हाक मारायची वेळ आली की समोर येऊन उभी राहते, मी वर बघेपर्यंत. बोलताना 'तुम्ही'. घरात मला मान देणारी ती एकटीच — असं मी कामावर सांगते. सगळे हसतात. मीही.

७ ऑगस्ट

पैसे येणार कुठून, ते आज ठरलं. बाबा दर आठवड्याला देतात ते, शिवाय माझ्याकडून कामाचे. मी कवळ्या बनवते. प्रत्येक माणसाच्या दातांचा साचा वेगळ्या डबीत ठेवायचा, डबीवर त्याच्या नावाची चिठ्ठी. त्या चिठ्ठ्या घरी आणते, तिनं चिकटवायच्या. डबीमागे एक नाणं.

"आणि चुकीची चिकटवली तर?"

"तर एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात."

हसली नाही. पण प्रत्येक चिठ्ठी दोनदा तपासली.

११ ऑगस्ट, रविवार

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसलो. तीन रकाने — घर, बँक, ओळखीचा माणूस. फायदे-तोटे लिहायचे. मी बरंच बोलले. व्याज म्हणजे काय, चोरी म्हणजे काय, हाताशी पैसे असले की ते कसे उडतात. ती लिहीत होती. मला वाटलं, माझंच लिहितेय. नंतर वाचलं तर —

'घरी ठेवण्याचे तोटे : घरात माणसं असतात.'

'बँकेचे फायदे : व्याज मिळते. तोटे : आपण तिथे नसतो.'

मला हसू फुटलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

मग मी सहज म्हटलं, "तुझं खातं आहेच की. आईनं काढलेलं. त्यातच भरत जा." लग्नाआधी नवऱ्यानंच सांगितलं होतं — दर महिन्याला मायलेकी बँकेत जायच्या, थोडे थोडे टाकायच्या.

पेन्सिल थांबली.

"ते नको."

"का गं?"

"ते आईचं आहे."

मी वही मिटली. बरोबरच आहे तिचं. काही जागा असतात, तिथे मी पाय ठेवायचा नाही.

१४ ऑगस्ट

दातांचे ठसे घ्यायची पावडर येते तो गोल डबा मागून घेतला. धुतला, पुसला, खिडकीत वाळवला. आता तीच बँक. तिच्या कपाटात, वरच्या फळीवर. व्याज नाही, पण ती तिथे असते.

१९ ऑगस्ट, सोमवार

शाळेतून चिठ्ठी. ज्यांची खाती आहेत त्यांनी पासबुक आणून दाखवायचं. मनात आलं, त्या खात्यावर पालक म्हणून अजून तिच्या आईचंच नाव असणार. पुढेमागे अडेल. नवऱ्याला म्हटलं, "चल, एकदा जाऊन ते नाव बदलून येऊ. अर्ध्या तासाचं काम."

"राहू दे ना."

"अरे, उद्या पैसे लागले तर?"

"राहू दे म्हटलं ना. तिच्या जिवाला लागेल. आईचं नाव खोडायचं म्हणजे…"

आणि रेडिओ मोठा केला. मला बरं वाटलं खरं तर. वाटलं, पोरीचं मन जपणारा माणूस आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार

तिनं बाईंना सांगितलं, पासबुक हरवलं. बाईंनी वहीत लाल शाईनं लिहून पाठवलंय, 'महत्त्वाची कागदपत्रे जपून ठेवावीत.'

हरवलेलं नाही! इस्त्रीचे कपडे ठेवताना तिच्या खणात हाताला लागलं. बनियनच्या घडीखाली. उघडायला नको होतं. उघडलं. पहिल्या पानावर तिचं नाव, त्याखाली पालक — आई. तिच्या आईचं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच छापलेलं पाहिलं. पुढची पानं सगळी सारखी. दर महिन्याची एक ओळ, लहानशी रक्कम. मग ओळी थांबतात.

खाते क्रमांक कामाच्या एका चिठ्ठीवर उतरवून घेतला. निदान नाव बदलायला काय काय लागतं ते विचारून ठेवू. कागद तयार असले की नवरा आढेवेढे घेणार नाही.

पासबुक होतं तसं ठेवलं.

२५ ऑगस्ट

"माझ्या खणातले कपडे मीच ठेवत जाईन." एवढंच म्हणाली. कळलं तिला.

२ सप्टेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत बँकेत गेले. काउंटरवरच्या बाई ओळखीच्या निघाल्या. त्यांच्या सासऱ्यांची कवळी मीच केली आहे. "आता कडक टोस्टसुद्धा खातात हो," म्हणाल्या. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी आकडे टाकले, पडद्याकडे बघितलं. पुन्हा टाकले.

"हे खातं बंद आहे."

"आई वारल्यामुळे?"

"नाही…" आवाज खाली आणला. "सांगायला नको खरं तर. वडिलांनी पालक म्हणून स्वतःचं नाव लावून घेतलं आणि सगळी रक्कम काढली. गेल्या वर्षीच्या जानेवारीत. पासबुक हरवल्याचं लिहून दिलंय."

मी थँक्यू म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. बाहेर आले, कामावर गेले, हात धुतले, ॲप्रन चढवला.

३ सप्टेंबर

तीन साचे ओतले. तिन्हींत बुडबुडे. फेकून दिले. दुपारी एक म्हातारे गायक आले होते — नव्या कवळीत पुढच्या दोन दातांमध्ये त्यांना फट हवीच. जन्मभर होती, तिच्यातूनच सूर निघतो म्हणे! अर्धा तास समजावलं. ऐकेनात. शेवटी फट ठेवून दिली.

गेल्या वर्षीचा जानेवारी. फेब्रुवारीत आमचं लग्न. त्याच्या आधी या घराची अनामत भरली होती. तेव्हा मी विचारलं होतं, "एवढे कुठून आणलेस?" तो म्हणाला होता, "जमवले."

आणि नवं घर कशाला हवं होतं? मीच म्हटलं होतं. त्याच्या पहिल्या बायकोच्या घरात मी राहणार नाही, तिच्या भांड्यांत मी रांधणार नाही. चांगलं ठणकावून म्हटलं होतं.

हे लिहायलाच हवं म्हणून लिहिलं.

८ सप्टेंबर, रविवार

दुकानात गेले. तो तीन उघड्या फ्रिजांच्या मध्ये बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बँकेत काय कळलं ते.

आधी म्हणाला, "तू कशाला गेलीस?"

मग, "घर तिच्यासाठीच घेतलं ना? तीच राहते ना त्यात?"

"तिला विचारलं होतंस?"

"तेवढ्याशा पोरीला काय विचारायचं!"

"आईबरोबर भरताना ती त्याहून लहान होती."

एक स्क्रू पिळत बसला. तो आधीच घट्ट होता.

"परत भरणारच होतो गं."

"किती भरलेस आजपर्यंत?"

त्यानं फ्रिजचं दार लावलं, उघडलं, आतला दिवा लागतो का बघितलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. दिवा दर वेळी लागत होता. शेवटी दाराकडेच बघत म्हणाला, "तिला कळलं ना, तर ती माझं तोंड बघणार नाही. मला दुसरं आहे कोण?"

माझ्यासमोर म्हणाला हे. त्याच्या लक्षातही आलं नाही. राग यायला हवा होता, तो आला नाही. वाटलं एवढंच, की हा माणूस चोर नाही, भित्रा आहे. पोरीच्या दृष्टीनं त्यात काय फरक, ते मात्र सांगता येईना.

"तूच सांगायचं तिला," मी म्हटलं. "माझ्याकडून कळता कामा नये."

"सांगतो. रविवारी सांगतो."

आजही रविवारच होता.

१५ सप्टेंबर, रविवार

नाही सांगितलं. सकाळी तिला सर्दी होती. दुपारी गिऱ्हाईक आलं. संध्याकाळी तिचा मूड चांगला होता, तो कशाला घालवायचा!

१६ सप्टेंबर

मालकांकडे उचल मागितली. सहा महिने पगारातून कापून घ्या म्हटलं. "एवढी वर्षं कधी मागितली नाहीस. कुणाचे दात पडले?" म्हणाले. पण दिली.

बेत असा. दुसऱ्या बँकेत तिचं नवं खातं काढायचं. जुन्या खात्यात होते तेवढे पैसे आधीच त्यात भरायचे, व्याजासकट. मग सांगायचं — जुन्या बँकेनं खातं इकडे पाठवलं. जुनं पासबुक तुझ्याकडेच राहू दे, आईची आठवण. कुठे काही तुटल्याचं दिसणार नाही. माझं कामच ते. नसलेलं असल्यासारखं दाखवणं.

नवऱ्याला सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवमाणूस आहेस तू."

देवमाणूस कसली! या घराच्या भिंतींत पोरीचे पैसे आहेत, आणि कॅलेंडर लावायला त्यात खिळे मी ठोकते.

१७ सप्टेंबर

तो आज शीळ वाजवत दुकानात गेला. दीड वर्षात पहिल्यांदा ऐकली.

२१ सप्टेंबर, शनिवार

नव्या खात्याचा फॉर्म आणला. तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, तूच भर, शिकशील. तिनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत सगळा वाचला. एवढा फॉर्म मी माझ्या लग्नाचासुद्धा वाचला नव्हता!

"पालकांची सही पैसे ठेवायला लागते की काढायला?"

"काढायला."

"आणि ठेवायला?"

"ठेवायला कुणाचीच लागत नाही."

"माझी सही?"

"तू अठरा वर्षांची झालीस की."

"म्हणजे तोपर्यंत नाव माझं आणि सही त्यांची."

"हो. मुलांचं असंच असतं. त्यांच्या भल्यासाठी."

"हं."

पेनाचं टोपण लावून टाकलं. फॉर्म तसाच. नवरा आत-बाहेर करत होता. "भरला का? भरला का?" — तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "बाबा, विचार करतेय."

२४ सप्टेंबर

फॉर्म अजून टेबलावर. त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटलाय. शाळेची मुदत सोमवारी संपते. मी घाई करत नाही. उचलीचे पैसे माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहेत. पर्स जड वाटते, नोटांना वजन नसतं तरी.

गायक येऊन कवळी घेऊन गेले. आरशासमोर तोंड उघडून एक तान घेतली. खूश! फटीतून खरंच सूर निघतो की नाही, मला काही कळलं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

कामावरून आले, चपला काढत होते, तर समोर येऊन उभी. साठवलेले सगळे पैसे हातात. आईचं पासबुकही.

"हे तुमच्या नावावर ठेवा. माझं नाव कुठेच घालू नका."

"अगं, तुझे पैसे, तुझंच नाव हवं ना?"

"माझ्या नावावरचे बाबा काढतात. मी तिथेच होते, बँकेत, बाकावर. त्यांना वाटलं मी पुस्तक वाचतेय."

माझी एक चप्पल अजून पायातच. तीच पुन्हा म्हणाली, दाराकडे एकदा बघून, हळू आवाजात —

"मला माहीत आहे ते बाबांना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल."