धुकेगडची वाटणी

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आजपासून सुरू. ‘धुकेगड’चा भा. १ शिवणाच्या दुकानात आणला, मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डब्यामागे ठेवलाय. एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा. असंच वाचणार. जे आहे ते वाचणार, नाही त्याच्यासाठी रडत बसणार नाही.

लिहून ठेवते, नाहीतर नंतर मलाच खोटं वाटेल. तात्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी नेवाशाच्या घरी वाटणीला बसलो. मी, दादा, शोभावहिनी, आणि मध्ये बसायला नानाकाका. एक पातेलं इकडं, एक पातेलं तिकडं. भांडी झाली, गाद्या झाल्या, मग काका तात्यांच्या फडताळाकडे वळले. ‘धुकेगड’चे बारा भाग ओळीनं लावलेले. काकांनी ताटं वाटली तसेच वाटले. पहिला मला, दुसरा दादाला, तिसरा मला, चौथा दादाला. ही एकच गोष्ट आहे, बारा ताटं नाहीत, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. दादा बोलेल म्हणून मी गप्प. मी बोलेन म्हणून तो गप्प. वहिनीनं त्याचे सहा पिशवीत भरले पण.

१४ सप्टेंबर, रविवार
भांड्यात निम्मं निम्मं, आणि जमिनीत? जमिनीत मी हक्कसोड पत्रावर सही करायची. सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांची नावं लागलीत, त्यातलं माझं मी स्वतः काढून द्यायचं. यापुढे ह.सो. एवढंच लिहीन, पूर्ण शब्द लिहिताना डोकं फिरतं.

मला ऊस नकोय. नांगर धरायला मी कुठं चाललेय? तूच कर, तूच खा, असं दादाला तोंडावर सांगितलं. पण तात्यांच्या नावाखाली माझं नाव आहे, ते राहू दे. त्यात कुणाचं काय जातं?

हे म्हणतात, मिटव ना, एक सही तर आहे. म्हटलं, एक सही आहे तर तुम्ही तुमची करा कुठंतरी. 

१८ सप्टें., गुरु.
भा. १ संपला. शलाका विहिरीतल्या भुयारात अडकते आणि वरून दगड बसतो. तिथंच संपतो. लहानपणी इथं पोहोचलो की मी तात्यांचा सदरा धरून बसायची. दुसरा भाग पुण्याहून पार्सलनं यायला वर्ष लागलं होतं. दादा रोज स्टँडवर जाऊन विचारायचा.

शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तात्यांचं अक्षर. मास्तर ते मास्तरच. “वाचन पूर्ण. हजर: सुनी, बाळू.” बाळू म्हणजे दादा. घरात गोष्ट वाचायची तरी हजेरी घ्यायचे! विसरलेच होते मी हे. हसले, आणि मग हसू राहिलं नाही.

२१ सप्टें.
भा. ३. शलाका भुयारातून कधीच बाहेर आलीय, कपाळावर मोठा वण आहे, आणि चाळीस माणसं तिचं ऐकतात. कशी सुटली? वण कसला? लहानपणी ऐकलंय सगळं, पण तीस वर्षं झाली, नीट आठवत नाही. ते सगळं नेवाशाला दादाच्या कपाटात. असू दे. सुटली एवढं कळलं, पुरे.

२४ सप्टें.
पुस्तकवाल्यांच्या एका मोबाईल ग्रुपवर विचारलं, माझ्याकडे फक्त विषम भाग आहेत, बाकीचे बाजारात मिळत नाहीत, कसं वाचावं. झालं! तिथं आधीच भांडण पेटलेलं. नवव्या भागात गडाची आधीची गोष्ट आहे, म्हणून अर्धे म्हणतात नऊपासून सुरू करा. बाकीचे म्हणतात छापले त्या क्रमानं. एकानं पाचवा गाळायला सांगितला, त्यात नुसती वर्णनं आहेत म्हणे. दुसरा म्हणाला, ताई, असं एकाआड एक कुणी वाचतं का? म्हटलं, मी वाचते.

नऊपासून, हा दादाचा हट्ट. नववा आला तेव्हा तो म्हणायचा, आता परत सगळं वाचू, पण नऊपासून. मी म्हणायची एकपासून. तात्या म्हणाले, पुस्तकावर आकडा कशाला घातलाय मग? मी जिंकले होते.

२८ सप्टें., रविवार
भा. ५ अर्धा. म्हातारा भैरोजी, गडाचा दरवान, मेलाय. मागच्याच भागात मेला असणार, कारण इथं सगळे नुसते त्याच्या रिकाम्या चौकीवरून जातात आणि कुणी काही बोलत नाही. मी काजं करता करता रडले. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं हो? आता कुठल्या तोंडानं सांगू, दरवान गेला म्हणून! डोळ्यात धागा गेला म्हटलं.

पाचवा गाळा म्हणणाऱ्याला काय कळतंय.

३ ऑक्टोबर
दसरा झाला. वहिनीचा फोन. आवाजात नुसतं तूप. म्हणे, “वन्सं, तुमी सही करा, मी आमच्याकडली सहाच्या सहा पुस्तकं टेम्पोत घालून पाठवते. आमच्यात कोन वाचतंय.” म्हणजे तिला कळलंय. मला काय हवंय ते तिला बरोबर कळलंय, आणि तेच ती तराजूत टाकतेय.

बारावा मी वाचलेला नाही. हे इथं पहिल्यांदा लिहितेय. बारावा आला त्याच वर्षी माझं लग्न झालं. मी इकडं नगरला, केडगावात आले, आणि तिकडं तात्यांनी तो दादाला वाचून दाखवला असणार. माझ्याशिवाय. सव्वीस वर्षं हे पोटात आहे, आणि एवढ्याशा गोष्टीचा राग कुणाला सांगायचा? गडाचं काय झालं, शलाकाचं काय झालं, मला माहीत नाही. दादाला माहीत आहे.

वहिनीला म्हटलं, नको. सहा आहेत माझे, पुरतात.

फोन ठेवल्यावर बाही उलटी जोडली. उसवून परत जोडली.

७ ऑक्टो.
ग्रुपवरच्या एकानं खासगीत लिहिलंय, ताई, माझा बारावा वाचून झालाय, शेवट सांगू का? लिहिलं, सांगून तर बघा. नंबर ब्लॉक केला.

हे दुकानात डबा घेऊन आले तर मी नववा वाचत होते. म्हणाले, एवढं काय आहे त्यात? म्हटलं, पहिला घरी कपाटावर आहे, बघा.

१२ ऑक्टो., रविवार
दिवाळीची शिवणं डोक्यावर बसलीत. तरी भा. ११ काढला. नववा नवव्या नंबरालाच वाचला, दादाच्या नाकावर टिच्चून. भैरोजी त्यात तरणाबांड आहे आणि दरवाज्यावर पहिल्यांदा उभा राहतो. पाचव्यात त्याच्यासाठी रडून झालेलं, म्हणून जास्त लागलं. नऊपासून सुरू करणाऱ्यांना हे कधी मिळणार नाही. ग्रुपवर टाकलं तसं. आता कुणी कितीही भांडो.

घरी आले तर हे सोफ्यावर, हातात पहिला भाग. मला बघून मोबाईल उचलला.

१५ ऑक्टो., बुध.
अकरावा संपला. 

शेवटच्या पानावर तात्यांची हजेरी. “हजर: सुनी, बाळू.” त्याच्याखाली वेगळ्या पेन्सिलीनं, नंतर लिहिलेलं: “भाग १२ पूर्ण हजेरीशिवाय सुरू करू नये.”

दहा वेळा वाचलं. मग आठवलं, आणि आठवलं ते चांगलं नाही. मी माहेरी जायची, पोरगं कडेवर, दोन दिवसांची सुट्टी, आणि तात्या एखादवेळी म्हणायचे, सुनी, बारावा काढू का? मी म्हणायची, पुढच्या खेपेला, तात्या. मला वाटायचं, ते परत वाचू म्हणतायत. त्यांचा वाचून झालाय आणि माझ्यावर उपकार म्हणून विचारतायत. म्हणून मुद्दाम टाळायची. चांगली जिरवली म्हणायची मनात. कुणाची जिरवली मी?

दुकान लवकर बंद केलं आज.

१६ ऑक्टो., गुरु.
दादाला फोन केला. वाटणीनंतर पहिला. पलीकडे मोटरचा आवाज, शेतात होता. इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, बारावा वाचलास का तू?

मोटरीपासून चार पावलं लांब गेला असावा, आवाज कमी झाला. मग म्हणाला, “न्हाई. तात्या म्हनले व्हते, सुनी आल्याबिगर न्हाई. तू नगरला घेऊन वाचला आसशील ना?”

मी म्हटलं, नाही.

मोटर चालूच होती.  सव्वीस वर्षं दोघांना वाटत होतं की दुसऱ्यानं खाऊन टाकलाय. मला रडू आलं आणि त्याला ते ऐकू जाऊ नये म्हणून मी मशीनचं पायडल मारत बसले, धागा नसलेल्या मशीनचं. मग त्यानं विचारलं, “मंग सहीचं काय करती?”

बघा! तिथंही सही.

म्हटलं, सही नाही. आज नाही, उद्या नाही, आणि तात्यांच्या पुस्तकाच्या बदल्यात तर कधीच नाही. तो म्हणाला, मग बारावा तरी एकदम आणतो, शेवट तेवढा दोघं वाचू, नंतरचं नंतर. मोह झाला. खोटं कशाला लिहू, तोंडाला पाणी सुटलं. पण म्हटलं, नाही. आकडा कशाला घातलाय पुस्तकावर? माझे एकाआड एक वाचून झाले, आता ते सोड, परत एकपासून, दोघांनी, ओळीनं. एक माझ्याकडं आहे, तो तू ने. दोन तुझ्याकडं आहे, तो मला आण. बाराव्यापर्यंत यायला तुला जेवढ्या खेपा पडतील तेवढ्या पडू देत.

“नऊपासून तरी करू,” म्हणाला.

एकपासून, म्हटलं, आणि फोन ठेवला.

१९ ऑक्टो.
काही निरोप नाही. कटोरी ब्लाउज सात, अस्तराचे चार, फॉल-पिको किती ते विचारू नका. वाट बघत नाहीये. भाऊबीजेला आला तर आला. नाही आला तर ताट चंद्राला ओवाळीन, माझं काही अडत नाही.

२३ ऑक्टो., गुरुवार. भाऊबीज
आला. गाडीवर, एकटा. वहिनीला ताप म्हणे. असेल.

ओवाळलं. कपाळाला हात लावताना दोघंही दुसरीकडे बघत होतो. जेवला, पुरणपोळी दोनदा मागून घेतली, यांच्याशी कारखान्याचं, पाण्याचं बोलला. जमिनीचा विषय नाही. जाताना गाडीच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काढून ओट्यावर ठेवलं. भा. २. फक्त दोन. बारावा आणला नव्हता, मी मुद्दाम पिशवीत वाकून बघितलं.

मी एक दिला. नऊ मागत होता, दिला नाही. यांचा एक अर्धाच झालाय, ते कुरकुरले, पण दिला.

गाडीला किक मारताना विचारलं, चार कधी आणतोस? “बघू,” म्हणाला. फाटकापाशी थांबून मागं वळला आणि विचारलं, भुयारातून ती सुटती कशी गं, दुसऱ्यात हाय का ते? म्हटलं, तू वाच की आधी पहिला.

२४ ऑक्टो.
आज दुकान बंद. दोन उघडला. मधल्या पानात चौघडी केलेला स्टँपपेपर. ह.सो. टाईप करून तयार, माझं माहेरचं नाव, सासरचं नाव, गट नंबर, सगळं. खाली सहीला जागा.

दादानं ठेवला, का वहिनीनं गुपचूप घातला, का नानाकाकांनी? फोन करून विचारावं असं मनात आलं. डोकं असं तापलं की पुस्तकासकट सगळं परत पाठवावं वाटलं. हे म्हणाले, फाड. मी फाडला नाही. फाडला तर त्यांना कळेल की मला लागलं.

२६ ऑक्टो., रविवार
दादाचा फोन नाही. त्याचा पहिला भाग कुठवर आला, कोण जाणे. मीही केला नाही.

शलाका भुयारात आहे अजून. कपाळावरचा वण दगडाचा नाही, तिनं स्वतःच डोकं आपटून फट पाडली, त्याचा आहे. तीन वाचताना कळलं नव्हतं. आज पान १४२ पर्यंत आले. पुढचं उद्या. खूण म्हणून ह.सो.चा कागद घातलाय, चांगला जाड आहे, पान हरवत नाही. सहीची जागा तशीच कोरी. दोन संपला की हाच कागद तीनमध्ये, मग चार आला तर चारमध्ये. बाराव्यापर्यंत पुरेल.