खटक्यापाशी थांबलेला हात

बाई, हे लिहायला मी आठ-दहा दिवस टाळाटाळ केली. आधी पेन नव्हतं, मग वही नव्हती, मग म्हटलं गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का. तुम्ही गेलात त्याला बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हाही मी नाशकात नव्हतो. द्राक्षांच्या ट्रकबरोबर खाली दक्षिणेत कुठंतरी होतो, आणि परत आलो तेव्हा तुमच्या टायपिंग क्लासच्या दाराला कुलूप होतं, पाटीची एक बाजू सुटून लोंबत होती. त्या ट्रकवर एक ड्रायव्हर होता, तो झोपेत हिशेब बोलायचा... जाऊ द्या. तुम्ही म्हणायच्या ना, "तुझं बोलणं म्हणजे वाट चुकलेली एसटी." आज मात्र मला सरळ बोलायचंय. मी घाबरलोय. आणि ज्याला सांगता येईल असं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं माहीत नाही.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, तुमचा क्लास होता त्याच्या समोरच्या इमारतीत, मित्राच्या खोलीवर बसलोय. दुपारचे तीन वाजलेत. पडदा ओढून घेतलाय, मोबाइल बंद ठेवलाय. खाली चहाच्या टपरीसमोर एक पांढरी गाडी उभी आहे. कालही होती. टपरीवाल्याने सकाळी मला जिन्यात गाठलं. "तुला शोधतायत रे. घोटीचे वाटतात. लय गोड बोलतात. एवढं गोड बोलणारा माणूस असला की मी आधी गल्ला बंद करतो." मी विचारलं, काय सांगितलंस? तर म्हणाला, "सांगितलं, असतो कुठंतरी. खोटं बोललो का मी? तू असतोसच कुठंतरी."

तुमच्या क्लासला मी आलो तेव्हा दहावीत दोनदा आपटलो होतो. मामाने आणून सोडलं होतं, निदान टायपिंगची मराठी तीसची परीक्षा तरी दे म्हणून. पंधरा मशिनी, त्यांतल्या तीन कायम आजारी. तुम्ही खुर्चीवरून उठायच्या नाहीत, पण कोणाचं बोट चुकीच्या कळीवर पडलं ते पाठमोऱ्या असतानाही आवाजावरून ओळखायच्या. बाकीच्या क्लासमध्ये सरावाला छापील पुस्तकातले उतारे असायचे. तुमच्याकडे तुमच्या हातचे लिहिलेले फुलस्केप कागद. प्रत्येकाला वेगळं पान. दोन लागोपाठची पानं एकाच पोराला कधी नाही. माणसांच्या नावांच्या जागी टिंबं, ती तुम्ही मागून पेनाने भरणार. टाइप झालं की तुमचं पान परत आणि आमचं पानही तुमच्याकडे जमा. आम्हाला वाटायचं, सरकारी उतारे असतील, गोपनीय. एक पोरगी म्हणायची, "बाई, माझ्या उताऱ्यात ती रडत होती, पुढं काय झालं?" तुम्ही म्हणायच्या, "पुढं तुझा स्पीड वाढला तर कळेल."

मला ते सहन व्हायचं नाही. अर्ध्यावर सुटलेली गोष्ट हातात घेऊन बसायचं म्हणजे काय. एकदा माझ्या पानावर एसटी स्टँड होतं, माणसं बसची वाट बघत होती, आणि पानभर नुसती वाटच बघत होती. मी मधेच एक बकरी घुसवली. बकरी येते, एका म्हाताऱ्याच्या हातातलं तिकीट खाते, आणि कंडक्टर तरी त्याला बसू देतो. तुम्ही पान वाचलंत, चष्मा वर केलात. मी गाल पुढे करूनच उभा होतो.

"हे मी लिहिलंय?"

"नाही बाई."

"दुसऱ्याच्या पानात स्वतःचं घुसवायचं नसतं. ही चोरीच, उलट्या बाजूने केलेली." मग तुम्ही पान पुन्हा वरपासून वाचलंत. "रंग कोणता बकरीचा?"

"पांढरी. एक कान काळा."

"मग तसं लिही ना. नुसती बकरी काय."

वर्षाने एका दुकानात नवीन कादंबरी चाळत उभा होतो. विकत घ्यायची नव्हती, पंखा होता म्हणून आत शिरलो होतो. लेखकाचं नाव ओळखीचं. ते नाव कोणाला ओळखीचं नाही? त्याच्या पहिल्या कादंबरीवरचा तो काळापांढरा सिनेमा आमच्या आईलाही पाठ होता: भाताच्या गिरणीचा मालक, त्याची मार खाणारी बायको, आणि एके दिवशी दारूच्या नशेत तो पट्ट्यात अडकतो तेव्हा गिरणी बंद करायच्या खटक्यापर्यंत गेलेला आणि तिथंच थांबलेला तिचा हात. शेवटी नदीत तिची साडी सापडते. त्या लेखकाला कोणी पाहिलेलं नाही. फोटो नाही, मुलाखत नाही, सत्काराला स्टेजवर मोकळी खुर्ची. कोणी म्हणे निवृत्त जज आहे, कोणी म्हणे मोठ्या घरातला साधू झालेला मुलगा. आणि मी त्या दुकानात पंख्याखाली उभा, आणि पान उलटतो तर माझी बकरी. पांढरी, एक कान काळा.

धावत तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही सगळ्यांना सुट्टी दिलीत, दार लावून घेतलंत. मला वाटलं, आता खूश होतील, कोणीतरी ओळखलं म्हणून. तुमचा चेहरा तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझं नाव कळलं की तिचं गाव कळतं. लक्षात ठेव." ती कोण, ते सांगितलं नाहीत. पुढच्या महिन्यात मला एक पिशवी दिलीत आणि येवल्याला पाठवलंत. "गुडघे चालत नाहीत माझे. आणि तू कुठंही गेलास तरी कोणी विचारत नाही, म्हणून तुलाच."

येवल्यातलं ते घर आत्ताही समोर दिसतंय. शेजारच्या खोलीत माग चाललाय, जिला पिशवी द्यायची ती मावशी उंबऱ्यात बसून रेशमाचे धागे सुटे करतेय. मला बघून म्हणते, "तिने पाठवलं ना? आधी हात धू. सगळ्या एसटीचं हाताला लागलंय." भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर नेमका तोच सिनेमा लागलेला होता. बायका डोळ्याला पदर लावून बसलेल्या. मावशीने दारातूनच एकदा तिकडं पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "साडी फार चांगली दिलीय रे तिला. माझी फाटकी होती." माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी तिच्या हाताकडं बघत बसलो. धागा सुटा करायचा तो हात, जराही न थरथरणारा.

परत आल्यावर तुम्ही सगळं सांगितलंत. मावशी म्हणजे तुमची थोरली बहीण. ती बुडाली असं गावाला वाटावं म्हणून साडी तुम्हीच नदीत सोडली होती, सिनेमात नाही, खरी. आणि मग तुम्हाला राहवलं नाही, म्हणून दुसऱ्याच नावाने लिहिलंत. लिहिलंत आणि आयुष्यभर घाबरत राहिलात. घोटीचे गिरणीवाले, तिच्या सासरचे, तेव्हाच ओरडत होते, ही आमच्या घराची बदनामी आहे, लिहिणारा सापडू दे. सिनेमा लागला तेव्हा तुम्ही बायकांच्या रांगेत बसून पाहिलात. शेजारची बाई रडत म्हणाली, "नाही हो, ती मेली नसणार," आणि तुम्ही पदराचं टोक दातांत धरून बसलात. मी तुमच्या गळ्याची शपथ घेतली होती, बाई. तुम्ही म्हणालात, "गळ्याची नको, जिभेची घे. तुझी तीच सैल आहे."

आता ऐका मी काय केलं. या टपरीवर एक पोरगा आला होता, जुन्या सिनेमांवर मोबाइलवर व्हिडिओ टाकणारा. त्या सिनेमाचं काहीतरी चाललं होतं, तो लेखक कोण असेल वगैरे. टपरीवाला म्हणाला जज, दुसरा म्हणाला साधू. मी दहा मिनिटं गप्प बसलो. खरंच, दहा मिनिटं. मग म्हणालो, "कसला जज! त्या समोर वरच्या मजल्यावर टायपिंगचा क्लास होता, तिथल्या बाई."

"दादा, तुम्ही ओळखायचे त्यांना?"

"ओळखायचो? अरे, माझी बकरी आहे त्यांच्या पुस्तकात!"

सगळे हसले. आणि हसल्यावर माझं सुटलंच. मशिनी, टिंबं, पानं, सगळं, आणि त्या पोराचा मोबाइल टिपतच होता. बहिणीबद्दल बोललो नाही, शपथेवर सांगतो. पण बोलता बोलता निघून गेलं, "बाई लय विश्वास टाकायच्या माझ्यावर, मलाच येवल्याला पाठवायच्या." एवढंच. एक गाव. त्या पोराला नंतर म्हटलं, तेवढं काढ. तो म्हणाला, हो हो. आणि नेमकं तेच सुरुवातीला लावलं, कोण राहत होतं येवल्यात, असं वर मोठ्या अक्षरात लिहून. टपरीची पाटीही दिसते त्यात, स्वच्छ.

तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. "दादा, आम्ही त्या सिनेमाचे चाहते. बाईंचं येवल्यात कोण हो?" मी म्हटलं, चुकीचा नंबर. परत फोन. "घाबरू नका, आमच्या घरातलं आहे म्हणून विचारतोय." घरातलं! येवल्याला जाऊन मावशीला सावध करावं, असं रोज सकाळी ठरवतो. मग वाटतं, मी निघालो की ही गाडी मागं लागेल आणि मीच त्यांना उंबऱ्यापर्यंत नेईन. न जावं तर ती तिथं काही माहीत नसताना धागे सुटे करत बसलेली. ऐंशीच्या घरातलं माणूस. ते काय करतील, मला माहीत नाही. कोर्टात ओढतील, दारात येऊन बोलतील, की आणखी काही. मला नुसता तो प्रसंग दिसतो: माग थांबलाय, गल्ली जमलीय, आणि तिला सगळ्यांसमोर विचारतायत, तूच का ती.

तुम्हाला सांगतो, मला कोणी पैसे दिले नाहीत, कोणी धमकावलं नाही. मला फक्त एकदा असं वाटत होतं की मीही कुठंतरी छापलेला आहे, हे चारचौघांना कळावं. तेवढ्यासाठी मी तुमचं सगळं आयुष्य एका चहावर उधळलं.

थांबा. खाली रिक्षा थांबली.

बाई, मी पडद्याच्या फटीतून बघत लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येतंय. रिक्षातून एक म्हातारी उतरली. हातात कापडी पिशवी. टपरीवाला काहीतरी विचारायला पुढं झाला, तिने त्याला हातानेच बाजूला केलं. मावशी आहे. व्हिडिओ तिच्यापर्यंतही पोचला असणार, पाटी बघूनच आली. सरळ त्या पांढऱ्या गाडीपाशी गेली, काचेवर टकटक केली. काच खाली झाली. तिचा आवाज वरपर्यंत येतोय, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"घोटीचे ना रे तुम्ही? उतरा खाली. मी तुमची थोरली आजी."

दोघं उतरलेत. एकजण सवयीने तिच्या पाया पडायला वाकला आणि मधेच थांबला, तसाच, अर्धा वाकलेला. दुसरा गाडीचं दार धरून उभा. मला काहीच समजत नाहीये, पुढं काय होणार.

खरं सांगतो, बाई. या खोलीला मागून जिना आहे, आणि आधी माझी नजर तिकडंच गेली. आता ती मान वर करून खिडक्या बघतेय, आणि मला नावाने हाक मारतेय.