दोघांत एक पोळी

बुधवार, पर्थहून सिडनीच्या वाटेवर

एकच पोळी का टाकली मी? डोंबिवलीत गेटवरच्या कुत्र्याला रोज टाकते, त्याच सवयीने आज वाटेत लेकीने गाडी थांबवल्यावर तिच्या दोन कुत्र्यांपुढेही एकच टाकली. मेले एकमेकांच्या नरड्यालाच लागले. मुग्धा सोडवायला मधे पडली आणि त्यांतल्या ब्रूनोने तिचं मनगट फोडलं.

मी पोळ्यांचा स्टीलचा डबा त्याच्या डोक्यात घातला. परत घातला. हाणतच राहिले. शेवटी मुग्धाच किंचाळली, "आई, बास! त्याने कधीच सोडलंय मला!"

सोडलं होतं? मग मला कसं दिसलं नाही?

तिच्या हाताला टाके पडलेत. ती पोळी तिथेच मातीत राहिली, अख्खी. आत्ता दुसरी घेऊन ब्रूनोजवळ गेले, तर मला बघूनच तो मुतला.